कीटकाधारित पूरक व्यवसाय : कोणता स्वीकारावा, कोणता सोडावा

शेतीला पूरक व्यवसायाची जोड द्यावी, हा सल्ला आता नवा राहिलेला नाही. मधमाशीपालन, तुतीवरील रेशीम शेती, लाख उत्पादन, मित्रकीटकांची पैदास आणि सेंद्रिय कचऱ्यावर ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या वाढवणे असे कीटकांवर आधारलेले अनेक व्यवसाय प्रशिक्षणवर्गांत, कृषी प्रदर्शनांत आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींत शेतकऱ्यांसमोर येत असतात. प्रत्येकाची यशोगाथा तयार असते. शेतकऱ्यापुढील प्रश्न मात्र वेगळा असतो : यांपैकी कोणता व्यवसाय आपल्या गावात, आपल्या पाण्यावर आणि आपल्या घरातील माणसांच्या बळावर चालेल?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकरी किंवा पेटीमागे मिळणाऱ्या नफ्याच्या आकड्याने दिले जाते. तो आकडा खोटा असतोच असे नाही. पण तो सर्व काही सुरळीत झाल्यास मिळणाऱ्या उत्पन्नाचा असतो. कर्ज बुडते ते सुरळीत न झालेल्या वर्षी. म्हणून नव्या व्यवसायाची पारख करताना नफ्याच्या आधी तो कोठे अडेल हे शोधणे, अडण्याची ती जागा कमीत कमी खर्चात तपासणे आणि त्यानंतरच भांडवल गुंतवणे, हा क्रम अधिक सुरक्षित ठरतो. कीटकाधारित व्यवसायांत हा क्रम पाळणे तुलनेने सोपे आहे. कीटक काय खातो, किती दिवसांत वाढतो आणि कशाने मरतो, याची माहिती आधीच उपलब्ध असते. त्यामुळे व्यवसायातील बरेचसे कच्चे दुवे एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी ओळखता येतात.

अन्नाचे बारमाही वेळापत्रक

मधमाशीपालनाचा विचार करणारा शेतकरी सहसा पेट्यांच्या किमतीपासून सुरुवात करतो. सुरुवात फुलोऱ्यापासून व्हायला हवी. युरोपीय मधमाशी, म्हणजे एपिस मेलिफेरा, १९६० च्या दशकात हिमाचल प्रदेशातील नगरोटा बगवाँ येथे यशस्वीपणे रुजवली गेली आणि पुढे पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश व बिहार या राज्यांत ती व्यावसायिक मधमाशीपालनाचा आधार बनली. तेथील व्यावसायिक मधपाळ एका गावात बसून मध काढत नाही. हिवाळ्यात मोहरीचा पट्टा, मार्चमध्ये मुजफ्फरपूर परिसरातील लिचीच्या बागा आणि त्यानंतर पुढचा फुलोरा, असा पेट्यांचा प्रवास चालू असतो. त्याच्या उत्पन्नाच्या आकड्यामागे वाहतुकीचा खर्च, रात्रीचे प्रवास आणि परमुलखात जागा मिळवण्याची खटपट असते. हा आकडा जसाच्या तसा एका जागी पेट्या ठेवणाऱ्या शेतकऱ्याला लागू करणे चुकीचे आहे.

यासाठी एक साधा तक्ता पुरेसा असतो. पेट्या ठेवायच्या जागेभोवतीच्या दोन किलोमीटर परिसरात कोणत्या महिन्यात कोणते पीक, झाड वा रानवनस्पती फुलते, तिच्यापासून मकरंद मिळतो की केवळ पराग, आणि हा फुलोरा किती आठवडे टिकतो, याची बारा महिन्यांची नोंद करावी. सूर्यफूल, कांदा बीजोत्पादन, डाळिंब किंवा निलगिरी असलेल्या भागातही काही महिने कोरे निघतात. पावसाळ्याचा काळ तर अनेक ठिकाणी तुटीचा असतो. त्या काळात वसाहतींना साखरेचा पाक द्यावा लागतो, वसाहती अशक्त झाल्या की मेणकिडा पोळ्यांत शिरतो. तक्त्यात कोरे महिने जास्त असतील तर दोनच मार्ग उरतात : स्थलांतर किंवा कृत्रिम खाद्य. दोन्हींचा खर्च परवडत नसेल तर शंभर पेट्यांचा बेत तेथेच थांबवावा. परागीभवनासाठी चार-पाच पेट्या ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा हिशेब पिकाच्या वाढीव उत्पादनात मांडावा लागतो.

रेशीम शेतीत अन्नाचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात समोर येतो. १०० अंडीपुंजांपासून साधारण ४० ते ५० हजार अळ्या मिळतात आणि त्यांच्या संगोपनास सुमारे एक टन तुतीचा पाला लागतो. अळी चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत जाते आणि एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला या शेवटच्या अवस्थेतील साधारण सात दिवसांतच फस्त करते. त्यामुळे वर्षभरात एकरी किती पाला निघतो यापेक्षा, त्या सात दिवसांत रोज किती ताजा पाला कापून आणता येईल, हा खरा प्रश्न आहे. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला तर वर्षाचे सरासरी उत्पादन उपयोगी पडत नाही. पाचव्या अवस्थेतील अळी उपाशी ठेवता येत नाही आणि दुसरे कोणतेही खाद्य तिला चालत नाही.

लाख उत्पादनात झाडे आधीच उभी असल्याने भांडवल कमी लागते. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल, ओडिशा आणि महाराष्ट्रातील गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात पळस, कुसुम व बोर ही यजमान झाडे मुबलक आहेत. येथे चूक होते ती झाडे मोजताना. लाखेचे कीटक कोवळ्या फांद्यांवर बसतात. त्यासाठी झाडाची आधी छाटणी करावी लागते. पळस आणि बोराला छाटणीनंतर सुमारे सहा महिने, तर कुसुमला सुमारे दीड वर्ष द्यावे लागते. म्हणजे १०० कुसुम झाडे असली तरी दर हंगामात १०० झाडांवर लाख घेता येत नाही. झाडांचे गट पाडून आळीपाळीने काम करावे लागते. उत्पन्नाचा अंदाज गटातील झाडांवर करावा, एकूण झाडांवर करू नये.

ब्लॅक सोल्जर फ्लायच्या बाबतीत कचरा फुकट मिळतो, असे गृहीत धरले जाते. अळ्यांना लागतो तो प्लॅस्टिक, काच आणि रसायने वगळलेला, पुरेसा ओलसर आणि रोज जवळपास सारख्याच प्रमाणात मिळणारा सेंद्रिय कचरा. असा वर्गीकृत कचरा देणारा बाजार, मंगल कार्यालय किंवा प्रक्रिया उद्योग किती अंतरावर आहे, लग्नसराई संपल्यावर त्याचे प्रमाण किती घटते, आणि आज मोफत देणारा उद्या त्याची किंमत मागेल का, हे आधी विचारात घ्यावे.

ग्राहक कोण आणि तो पुन्हा येईल का

पारखण्याचा दुसरा मुद्दा ग्राहकाचा. येथे इमूपालनाचा अनुभव विसरता येणार नाही. तमिळनाडूच्या इरोड परिसरात आणि इतर राज्यांतही अनेक शेतकऱ्यांनी इमूपालनात पैसे गुंतवले. मांस, तेल, कातडी, पिसे अशा उत्पादनांच्या मोठ्या बाजारपेठेचे चित्र रंगवले गेले; प्रत्यक्षात पिल्लांचे ग्राहक बहुतांशी नव्याने या व्यवसायात येणारे शेतकरीच होते. नवे गुंतवणूकदार येणे थांबताच खरेदीही थांबली आणि २०१२ च्या सुमारास हा डोलारा कोसळला. पक्ष्यांना खायला घालणेही अनेकांना जड झाले. त्यातून मिळणारी कसोटी सोपी आहे : या व्यवसायातील माल शेवटी कोण खातो, वापरतो किंवा नेसतो? या प्रश्नाचे उत्तर ‘नव्याने व्यवसाय सुरू करणारा’ असे येत असेल, तर तो बेत सोडून द्यावा. मधमाश्यांच्या वसाहती, अळ्यांचे बीज किंवा संगोपनाचे साहित्य विकणाऱ्यांचे उत्पन्न आणि मध, कोष वा खाद्य विकणाऱ्यांचे उत्पन्न हे दोन्ही आकडे वेगळे मागावेत. ‘आम्हीच सर्व माल परत घेऊ’ असे आश्वासन देणाऱ्याला मागील वर्षी तो माल कोणाला विकला, याच्या पावत्या दाखवण्यास सांगावे.

ग्राहकाचा दुसरा पैलू विज्ञानाच्या यशातून समोर येतो. २००८ मध्ये कोइमतूर येथे पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात प्रथम आढळला आणि अल्पावधीत दक्षिण भारतात व महाराष्ट्रात पपई, तुती यांसह अनेक पिकांवर त्याने मोठे नुकसान केले. २०१० मध्ये परदेशातून आणलेल्या ॲसेरोफॅगस पपये या परोपजीवी कीटकाचे प्रसारण करण्यात आले आणि किडीचा उपद्रव झपाट्याने ओसरला. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हे मोठे यश होते. परंतु या परोपजीवी कीटकाच्या कायमस्वरूपी विक्रीचा व्यवसाय उभा राहू शकत नाही, कारण तो एकदा स्थिरावला की स्वतःच वाढतो आणि पसरतो. असे काम सार्वजनिक संस्थांनीच करायचे असते. याउलट ट्रायकोग्रामाची प्रसारणे दर हंगामात, तीही ठरावीक अंतराने अनेकदा करावी लागतात. म्हणून ट्रायकोकार्डांना पुन्हा पुन्हा येणारा ग्राहक मिळू शकतो. एखादी कल्पना उपयुक्त असणे आणि तिच्यावर एखाद्या कुटुंबाचा चरितार्थ चालणे, या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

तिसरा पैलू ग्राहकाच्या समजुतीचा. मोहरीचा मध लवकर गोठतो. तो त्याचा नैसर्गिक गुणधर्म आहे. तरीही अनेक ग्राहक गोठलेला मध भेसळीचा समजून नाकारतात. निर्यातदार किंवा ठोक खरेदीदार असा मध घेतो, पण त्याचा दर किरकोळ विक्रीच्या दरापेक्षा बराच कमी असतो. किरकोळ भावाने नफा काढून ठोक भावाने माल विकण्याची वेळ येणे, हे अनेक मधपाळांच्या निराशेचे कारण आहे. शिवाय अन्नसुरक्षा मानकांनुसार मधातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. पोळ्यातील कोठ्या मेणाने बंद होण्यापूर्वीच घाईने काढलेला मध या कसोटीत नापास होतो. त्यामुळे कोणत्या ग्राहकासाठी, कोणत्या प्रतीचा आणि किती मध काढायचा, हे पेट्या विकत घेण्यापूर्वी ठरलेले असावे.

जीवनचक्राचे घड्याळ

धान्य भाव येईपर्यंत कोठारात ठेवता येते. जिवंत कीटकांना थांबवता येत नाही. ट्रायकोकार्ड तयार करण्यासाठी आधी कॉर्सिरा या धान्यावरील पतंगाची पैदास करावी लागते आणि त्याच्या एका पिढीला सुमारे दीड महिना लागतो. त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामाची वाढ मात्र आठ ते दहा दिवसांत पूर्ण होते. परिणामी, आज अचानक मागणी वाढली तर कॉर्सिराचे उत्पादन वाढवून ती पुरवायला दीड महिना लागतो. आणि तयार झालेली कार्डे विकली गेली नाहीत तर शीतकपाटातही ती मर्यादित काळच टिकतात. मागणीचा अंदाज आधी आणि विक्री ठरलेल्या दिवशी, अशी शिस्त ज्याला जमते त्यालाच हा व्यवसाय मानवतो. लष्करी अळीचे उदाहरण येथे बोलके आहे. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात ही कीड देशात प्रथम नोंदली गेली आणि लवकरच मक्याच्या अनेक क्षेत्रांत पसरली. अशा वेळी मागणी उसळते. पण उसळलेल्या मागणीच्या आधारे उभारलेल्या प्रयोगशाळेने पुढील शांत वर्षाचाही विचार केलेला असावा.

रेशीम कोषांचेही असेच. कोष विणून पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच ते बाजारात न्यावे लागतात. उशीर झाल्यास आतील पतंग कोष भेदून बाहेर येतो आणि धाग्याच्या दृष्टीने तो कोष वाया जातो. म्हणून बाजारपेठेचे अंतर हा रेशीम शेतीतील निर्णायक मुद्दा ठरतो. कर्नाटकातील रामनगर ही आशियातील मोठी कोष बाजारपेठ मानली जाते. महाराष्ट्रात जालन्यासारख्या ठिकाणी कोष खरेदी-विक्रीची सोय झाल्यापासून मराठवाड्यातील शेतकऱ्याचा दूरचा प्रवास टळू शकतो. ज्या गावातून एकट्याच शेतकऱ्याचे कोष निघणार आहेत, तेथे वाहनाचा सर्व खर्च त्या एकाच पिकावर पडतो. दहा-बारा शेतकऱ्यांचा गट असेल तर तोच खर्च विभागला जातो.

घड्याळाचा आणखी एक काटा घरातील माणसांचा असतो. पाचव्या अवस्थेत पाला कापणे, वाहून आणणे, दिवसातून दोन-तीन वेळा खाद्य देणे आणि नंतर पक्व अळ्या चंद्रिकेवर सोडणे, ही कामे एकाच आठवड्यात येतात. हाच आठवडा कापूस वेचणीत किंवा सोयाबीन काढणीत आला तर मजूर मिळत नाहीत आणि बोजा बहुधा घरातील स्त्रियांवर पडतो. प्रकल्पाचा निर्णय घेताना त्यांची संमती आणि त्यांच्या वेळेची किंमत या दोन्ही गोष्टी हिशेबात असाव्यात.

शेजारची फवारणी आणि किड्यांचे शत्रू

कीटक वाढवणारा शेतकरी कीटकनाशके वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या मध्ये राहतो. तुतीच्या बागेशेजारी कापूस, भाजीपाला किंवा द्राक्षबाग असेल तर वाऱ्याबरोबर आलेल्या फवाऱ्याचा अंशही रेशीम अळ्यांना घातक ठरतो. कीटकांची वाढ रोखणाऱ्या काही औषधांमुळे अळी लगेच मरत नाही. ती शेवटपर्यंत पाला खाते आणि कोष मात्र विणत नाही. तोवर पिकावरचा सर्व खर्च झालेला असतो. निपाणीसारख्या तंबाखूच्या पट्ट्यात तुतीची जागा निवडताना अधिक दक्षता हवी, कारण तंबाखूतील निकोटीन जवळच्या तुतीच्या पानांवर उतरून अळ्यांना विषबाधा करू शकते. मधमाश्यांबाबत फुलोऱ्यात होणारी फवारणी हा मोठा धोका आहे. म्हणून चारही बाजूंचे शेजारी कोण, ते कोणती पिके घेतात आणि फवारणीची आगाऊ सूचना देण्यास तयार आहेत का, हे प्रत्यक्ष भेटून विचारावे. ज्या शिवारात अशी समजूत होऊ शकत नाही, तेथे जमीन आणि पाणी उत्तम असूनही रेशीम शेती टिकत नाही.

रोग व शत्रूकीटकांचा विचारही आधीच व्हावा. रेशीम अळीला होणाऱ्या पेब्रिन रोगावर लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात सुचवलेली मादी पतंगांच्या तपासणीची पद्धत आजही रोगमुक्त अंडीपुंजांच्या निर्मितीचा पाया आहे. यावरून, स्वस्तात मिळणारे अनधिकृत अंडीपुंज किती महागात पडू शकतात हे लक्षात यावे. उझी माशी १९८० मध्ये कर्नाटकात पोहोचली आणि तेथील रेशीम उद्योगाची कायमची डोकेदुखी झाली. संगोपनगृहाला जाळी बसवणे हा तेव्हापासून आवश्यक खर्च आहे. लाखेवर तिच्या कीटकांना खाणाऱ्या पतंगांच्या अळ्या येतात, तर कॉर्सिराच्या पैदास केंद्रात ब्रॅकॉन हा परोपजीवी शिरला तर संपूर्ण पैदास बसते. विशेष म्हणजे हाच ब्रॅकॉन अन्यत्र मित्रकीटक म्हणून मुद्दाम वाढवला जातो.

वाईट पिकाचा हिशेब

वरील तपासणीतून टिकलेल्या कल्पनेचाच आर्थिक हिशेब मांडावा आणि तो वाईट पिकापासून सुरू करावा. पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, १०० अंडीपुंजांच्या एका पिकास अंडीपुंज, मजुरी, निर्जंतुकीकरण, तुतीची मशागत आणि वाहतूक मिळून १४,००० रुपये खर्च येतो. संगोपनगृहाच्या कर्जाचा वाटा पिकामागे ८,००० रुपये धरल्यास एकूण खर्च २२,००० रुपये होतो. कोषांना किलोमागे ४०० रुपये दर मिळाल्यास ५५ किलो कोषांवर खर्च भरून निघतो. दर ३०० रुपयांवर आल्यास त्यासाठी सुमारे ७३ किलो कोष लागतात. ७० किलो उत्पादन घेणारा शेतकरी पहिल्या दरात ६,००० रुपये मिळवतो आणि दुसऱ्या दरात १,००० रुपये गमावतो. दर आणि उत्पादन दोन्ही एकाच वेळी घसरले तर काय होईल, हेही त्याच कागदावर लिहावे.

या हिशेबात तीन गोष्टी हमखास निसटतात. पहिली, घरच्या माणसांची मजुरी. ती शून्य धरल्यास कोणताही व्यवसाय नफ्यात दिसतो. दुसरी, त्या जमिनीवर आधी येणाऱ्या पिकाचे उत्पन्न. तुती लावल्यावर सोयाबीन-हरभऱ्याचे उत्पन्न बंद होते, ते वजा करूनच लाभ मोजावा. तिसरी, अनुदान. हिशेब प्रथम अनुदानाशिवाय करावा. अनुदानाशिवाय तोट्यात असलेला व्यवसाय अनुदान संपल्यावर पुन्हा तोट्यात जातो. २०२० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासारख्या योजनांचा लाभ जरूर घ्यावा. पण चालू शकणाऱ्या व्यवसायाला गती देण्यासाठी. योजना उपलब्ध आहे, हे व्यवसाय निवडण्याचे कारण होऊ नये.

लहान चाचणी, पण नेमक्या प्रश्नाची

लहान प्रमाणात सुरुवात करावी, हा सल्ला सर्वजण देतात. तो अपुरा आहे. चाचणी लहान असावी आणि ती व्यवसायातील सर्वांत कच्च्या दुव्याची असावी. ट्रायकोकार्डांच्या व्यवसायात कच्चा दुवा विक्रीचा असतो. म्हणून प्रयोगशाळा उभारण्यापूर्वी एक हंगाम विश्वासार्ह प्रयोगशाळेतून कार्डे विकत आणावीत आणि परिसरातील ऊस, मका व टोमॅटो उत्पादकांना विकून पाहावीत. किती शेतकरी पैसे देतात, त्यांपैकी किती जण दुसऱ्या प्रसारणासाठी परत येतात आणि किती जण मध्येच रासायनिक फवारणी करतात, हे त्यातून कळते. काही साखर कारखाने स्वतःची प्रयोगशाळा चालवतात. आपल्या भागात तसे असेल तर मोठा ग्राहक आधीच हातचा गेला आहे, हेही याच काळात समजते.

मधमाशीपालनात कच्चा दुवा तुटीच्या काळाचा आहे. पाच पेट्या फुलोऱ्यात आणून दोन महिन्यांत मध काढणे ही चाचणी नव्हे. त्याच पाच पेट्या पावसाळ्यातून सुखरूप बाहेर काढणे ही चाचणी होय. वर्षाअखेरीस किती वसाहती जिवंत व सशक्त आहेत आणि साखरेवर किती खर्च झाला, यावर पुढचा निर्णय अवलंबून असावा. हिमाचल प्रदेशात सफरचंदाच्या बहरात बागायतदार परागीभवनासाठी पेट्या भाड्याने घेतात. आपल्या भागातील कांदा बीजोत्पादक किंवा फळबागायतदार असे भाडे देण्यास तयार आहेत का, हेही या वर्षात विचारून घ्यावे.

रेशीम शेतीत तुती लावण्यापूर्वी इच्छुक कुटुंबातील दोन व्यक्तींनी एखाद्या अनुभवी शेतकऱ्याकडे पाचव्या अवस्थेचा पूर्ण आठवडा राबून पाहावा. एक दिवसाच्या अभ्यास दौऱ्यात जे दिसत नाही ते या आठवड्यात दिसते. लाखेसाठी पाच-दहा झाडांवर एक हंगाम पुरेसा आहे. तेथे कच्चा दुवा बीजलाखेचा असतो. बीजलाख कापल्यावर पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास ती झाडावर बांधलेली असावी लागते, त्यामुळे ती वेळेवर आणि जवळून मिळते का, हे प्रथम पाहावे. ब्लॅक सोल्जर फ्लायसाठी पिंजरे आणि टाक्या घेण्याऐवजी तीन महिने केवळ कचरा गोळा करून रोज त्याचे वजन, ओलावा आणि त्यातील अनावश्यक पदार्थांची नोंद करावी. तो कचरा खतासाठी वापरता येईल. त्याच काळात परिसरातील मत्स्य व कुक्कुटपालकांना वाळवलेल्या अळ्यांसाठी ते सोयापेंड किंवा मासळीच्या कुटीच्या तुलनेत किती दर देतील, असे विचारावे.

थांबण्याची पातळी आधी ठरवावी

कीड व्यवस्थापनातील आर्थिक नुकसानीच्या पातळीची संकल्पना विस्तार कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहे. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. शेतात अळी दिसली म्हणून लगेच फवारणी करायची नाही. कोणत्या संख्येला फवारणी परवडते हे आधी ठरवायचे, मग शेतात मोजणी करायची आणि त्या आकड्यावर निर्णय घ्यायचा. भीती किंवा घाई यांच्या जागी मोजमाप आणणे हा तिचा गाभा आहे.

नव्या व्यवसायालाही अशीच पातळी असावी आणि ती पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी लिहून ठेवावी. ‘पहिल्या वर्षाअखेर पाचपैकी तीनपेक्षा कमी वसाहती टिकल्या तर विस्तार करायचा नाही’, ‘सलग तीन पिकांत १०० अंडीपुंजांमागे ५० किलोपेक्षा कमी कोष मिळाले तर नवे कर्ज घ्यायचे नाही’, ‘हंगामात पंधरापेक्षा कमी शेतकरी कार्डांसाठी परत आले तर प्रयोगशाळा उभारायची नाही’ अशी ती वाक्ये असू शकतात. आकडे प्रत्येकाच्या खर्चानुसार बदलतील. पैसे, श्रम आणि गावातील प्रतिष्ठा गुंतल्यानंतर मन माघार घेऊ देत नाही. आणखी एक पीक, आणखी एक कर्ज असे चालू राहते. आधी लिहिलेली मर्यादा अशा वेळी घरातील चर्चेला आधार देते. तिच्यासोबत ‘पुढे जाण्याची पातळी’ही लिहावी, म्हणजे एका चांगल्या पिकाच्या उत्साहात एकदम दहापट विस्तार होणार नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकऱ्याचा निर्णय अनेकदा विस्तार कार्यकर्त्याच्या शब्दावर ठरतो. व्यवसाय फसला तर कर्ज शेतकऱ्याच्या नावावर राहते आणि त्या गावात पुढच्या योग्य सल्ल्यालाही कोणी कान देत नाही. म्हणून अभ्यास दौऱ्यात यशस्वी प्रकल्पाबरोबर त्याच परिसरातील बंद पडलेले संगोपनगृह किंवा रिकाम्या पेट्याही आवर्जून दाखवाव्यात. यशस्वी शेतकऱ्याकडून व्यवसाय कसा करावा हे कळते. बंद करणाऱ्याकडून तो कशामुळे अडतो ते कळते. ज्याने व्यवसाय सोडला त्याच्याशी आदराने बोलले, तर तो बहुधा मोकळेपणाने आणि नेमके कारण सांगतो.

आपल्या तालुक्यासाठी प्रत्येक कीटकाधारित व्यवसायाचे एक पानी टिपण तयार ठेवणेही उपयुक्त ठरेल. त्यात फुलोऱ्याचा किंवा पाल्याचा मासिक तक्ता, जवळच्या खरेदीदाराचे अंतर व गेल्या काही हंगामांतील प्रत्यक्ष दर, फवारणीची धोक्याची गावे, मजुरांच्या टंचाईचे महिने आणि सुरू झालेल्या व अद्याप चालू असलेल्या प्रकल्पांची संख्या असावी. ही शेवटची दोन अंके शेजारी शेजारी लिहिली, तर कोणत्याही यशोगाथेपेक्षा ती शेतकऱ्याला अधिक सांगतात.

या सर्व तपासणीनंतर अनेक कल्पना गळून पडतील. पाच कल्पनांपैकी चार सोडून एकच निवडणारा शेतकरी मागे राहत नाही. त्याने वाचवलेले भांडवल, पाणी आणि घरातील श्रम त्या एका व्यवसायाला मिळतात, आणि पहिल्या वाईट हंगामात तो व्यवसाय तगण्याची शक्यता त्यामुळेच वाढते. येत्या हंगामात नवा प्रकल्प सुरू करण्याच्या विचारात असलेल्यांनी खरेदीची यादी करण्यापूर्वी बारा महिन्यांचा तक्ता भरावा, दोन खरेदीदारांना आणि एका व्यवसाय बंद केलेल्या शेतकऱ्याला भेटावे, आणि थांबण्याची पातळी लिहून कुटुंबासमोर वाचून दाखवावी. या कामाला साधारण पंधरा दिवस आणि थोडा प्रवासखर्च लागतो.